काउंटरवरून : गूगल आपल्याला का दाखवत नाही?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते, की वेबसाइट, गूगल, नकाशा यांत कोणाचं काही अडलं असेल तर कळवा. चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ढीगभर. त्यातली निम्मी व्हॉट्सअॅपवर, आवाजी निरोप, मागे थ्रेशर सुरू. दोन निरोप मी तीनदा ऐकले तरी कळले नाहीत. त्या दोघांनी कृपा करून थ्रेशर बंद करून पुन्हा पाठवावेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, माझं आर्वीत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पीकविम्याचे फॉर्म, सातबारा, आणि गेली दहाएक वर्षं आसपासच्या दुकानदारांच्या वेबसाइट. पदवी मराठी साहित्याची, बाकी सगळं ठेचा खात शिकले. तिघांनी बजावलं, 'ताई, नाव छापू नका', म्हणून कोणाचंच छापलेलं नाही. गाव आणि धंद्यावरून ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

"ताई, आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. भाच्यानं पुण्याहून वेबसाइट करून दिली, दोन वर्षं झाली. दिसायला एक नंबर. पण गूगलवर 'संत्रा कलम' टाकलं की शेजारच्याची नर्सरी येते, आमची येतच नाही. त्याची कलमं आमच्याहून चांगली नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. गूगलला पैसे द्यावे लागतात का?"
— नर्सरीवाले दादा, शेंदूरजनाघाट, ता. वरुड

दादा, शेजाऱ्याच्या कलमांचा निवाडा माझ्याच्यानं होणार नाही. पैशाचं मात्र आधी सांगून टाकते. गूगलवर 'प्रायोजित' असं लिहिलेल्या ज्या जागा दिसतात त्या जाहिरातीच्या, त्यांना पैसे पडतात. बाकीच्या जागा विकत मिळत नाहीत. कोणी 'मिळवून देतो' म्हणत असेल तर तो पैसे नक्की घेईल.

तुमची वेबसाइट मी दुकानात बसून मोबाइलवर उघडली. समोरच्या टपरीवर चहा सांगितला, चहा आला, तरी वरचा बागेचा फोटो अर्धाच उतरला होता. भाच्यानं कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवलाय, सात-आठ एमबीचा. पुण्यात तो झटक्यात दिसत असेल. तुमचं गिऱ्हाईक वावरात उभं असतं, एका काडीच्या नेटवर्कवर. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते. 'पेजस्पीड इनसाइट्स' नावाचं त्यांचंच फुकट साधन आहे, त्यात आपला पत्ता टाकला की गाडं कुठे अडतंय ते कळतं. तुमचं फोटोंवर अडलंय. दोनशे केबीच्या आत आणा, संत्रं तेवढंच केशरी दिसेल.

पण वेग ही नंतरची गोष्ट झाली. मी तुमच्या पानावरच्या मजकुरावर बोट दाबून धरलं, तर अक्षरं निवडली जाईनात. म्हणजे ती अक्षरं नाहीतच, चित्र आहे. छापील पत्रकाचं जेपीजी करून पानावर डकवलंय. माणूस ते वाचतो, गूगलच्या हाती त्यातलं फारसं काही लागत नाही.

'आमच्याविषयी' या पानावर मात्र अक्षरं निवडली गेली, म्हणून हुरूप आला. कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकली तर निघालं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. हे दुखणं मी लगेच ओळखलं, कारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः ते गावभर पसरवत होते. आम्ही डीटीपीवाले कृतिदेव, श्रीलिपी असल्या ज्या जुन्या फॉन्टांत काम करायचो, त्यांत दिसतं मराठी आणि असतं भलतंच. कृतिदेवमध्ये 'कापूस' लिहिलं तर संगणकाच्या पोटात डी, के, आय, डब्ल्यू, एल अशी पाच इंग्रजी अक्षरं साठतात. वर फॉन्टचा मुखवटा चढवला की कापूस, उतरवला की कचरा. गूगल मुखवटा पाहत नाही, पोट पाहतं. तेव्हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे पोटातही मराठीच अक्षरं ठेवणाऱ्या पद्धतीत, करून घ्या. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो, त्यामुळे नातीला सांगितलं तरी ती दोन संध्याकाळीत टाइप करून देईल. जुन्या फॉन्टातून बदलून देणारी फुकट साधनंही आहेत, पण त्यांनी बदललेलं एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

पुढचं सांगताना मला हसू आलं, रागावू नका. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहून, त्याला कोलन जोडून, मध्ये जागा न सोडता आपला पत्ता टाकला, की गूगलनं आपली कोणती पानं नोंदवली आहेत त्याचा अंदाज येतो. तुमचं एकही आलं नाही. भाच्याला विचारा, वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट बांधायच्या साधनाच्या, 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' म्हणून एक पान आहे. त्यात, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये, अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बांधताना तिथे टिक करतात आणि काम झाल्यावर ती काढायला विसरतात. तसंच झालं असेल, तर दोन वर्षं तुम्ही दाराला आतून कडी लावून गिऱ्हाइकाची वाट पाहताय, आणि शेजाऱ्याला उगाच शिव्या देताय. टिक काढा, 'गूगल सर्च कन्सोल' जोडून घ्या, तेही फुकट आहे, आणि त्यातून पहिलं पान नोंदवायची विनंती पाठवा.

इथवर सगळं नळजोडणीचं काम झालं. आता शब्दांकडे या, माझ्या आवडीच्या विषयाकडे.

तुमच्या पहिल्या पानाचं नाव, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतं ते, 'होम' आहे. गूगलच्या निकालात जी ठळक ओळ दिसते ती बहुतेक वेळा या नावावरूनच घेतलेली असते. तिथे 'संत्रा कलम नर्सरी, शेंदूरजनाघाट, ता. वरुड' असं लिहायला काही पैसे पडत नाहीत. मग आत भाच्यानं सगळीकडे 'रोपवाटिका' लिहिलंय. शब्द शुद्ध आहे, सरकारी फलकावर शोभतो. पण तुमच्याकडे येणारा माणूस काय म्हणतो? कोणी नर्सरी म्हणतो, कोणी पन्हेरी. पांढुर्णा-सौंसरकडचं गिऱ्हाईक 'संतरे का पौधा' म्हणतं. राजस्थानात झालावाडकडेही नागपुरी संत्र्याच्या बागा आहेत, तिकडचा माणूस हिंदीतच शोधणार, त्याच्यासाठी हिंदीचं वेगळं पान करा. हे सगळे शब्द एकाच वाक्यात कोंबू मात्र नका, वाचणाऱ्याला ठसका लागतो.

आणि एक औषध मी सगळ्यांनाच देते, तुम्हालाही देते. फोनजवळ वही ठेवा. पंधरा दिवस जो फोन येईल, त्यात समोरच्यानं पहिला प्रश्न काय विचारला तो त्याच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांत सुधारून नका लिहू. मी फोन केला तेव्हा बोलता बोलता तुम्हीच मला सांगितलंत: "कलम जंबेरीवरचं की रंगपूरवरचं?" (म्हणजे खालचा खुंट कोणता), "डोळा बांधून किती महिने झाले?", "पिशवीतलं की जमिनीतलं?", "भारी जमिनीत डिंक्या येईल का?", "किती कलमं घेतली तर गाडी पोचवाल?" यातला एकही प्रश्न तुमच्या वेबसाइटवर नाही. तिथे काय आहे? 'गुणवत्ता हीच आमची ओळख.' दादा, हे वाक्य मी सिमेंटपासून शेवयांपर्यंत सगळ्यांच्या पत्रकांवर छापलंय. ते कोणीही शोधत नाही. 'जंबेरी की रंगपूर' हे शोधतात. त्यावर एक अख्खं पान लिहा, बांधावर उभं राहून सांगता तसं. कोणत्या जमिनीला काय, कुठे तुम्ही स्वतः 'नका घेऊ' म्हणता, सगळं. माती हातात घेऊन दाखवताय असा एक फोटो, आणि फोटोचं नाव 'आयएमजी' अमुक-तमुक न ठेवता 'जंबेरी कलम' असं काही ठेवा. नंतर वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळा.

फळ कधी दिसेल म्हणाल तर गूगलच्याच लोकांनी चार महिने ते एक वर्ष असं सांगितलेलं आहे. बागेत पहिला तोडा यायला चार-पाच वर्षं थांबणाऱ्या माणसाला मी थांबण्याबद्दल काय सांगणार.

"एक कंपनी महिन्याला चार हजारांत गूगलच्या पहिल्या पानावर आणायची लेखी गॅरंटी देते. शिवाय एक हजार बॅकलिंक आणि दोनशे कीवर्ड फ्री. घ्यावं का?"
— फर्निचरवाले, मोर्शी

नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण माझं स्वतःचं हसं सांगितल्याशिवाय पटणार नाही. २०१६ साली मी अशाच एका मोठ्या शहरातल्या मंडळींना बावीस हजार रुपये दिले. गॅरंटी लेखी होती, शिक्क्यासह. तीन महिन्यांनी रंगीत अहवाल आला, 'अभिनंदन, आपण पहिल्या क्रमांकावर!' कोणत्या शब्दांसाठी? माझ्या दुकानाचं पूर्ण नाव, पुढे झेरॉक्स, पुढे लग्नपत्रिका, पुढे गाव, पुढे रस्ता. एवढं लांबलचक जगात फक्त मीच टाइप करणार होते. गॅरंटी पाळली गेली होती, भांडायला तोंड नव्हतं. सासऱ्यांनी अहवाल चाळला आणि म्हणाले, "रंग बाकी चांगला आलाय." 'पहिला क्रमांक कोणीच हमीनं देऊ शकत नाही', हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावर लिहिलेलं आहे. मी ते नंतर वाचलं.

हजार बॅकलिंक म्हणजे हजार भलत्या साइटवरून तुमच्याकडे बोट दाखवायचं. असल्या विकतच्या बोटांना २०१२ पासून गूगल ओळखून आहे, त्या वर्षी त्यांनी 'पेंग्विन' नावाचा बदल खास त्यासाठीच आणला होता. आणि दोनशे कीवर्डची, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांची, यादी साइटच्या पोटात लपवून ठेवतात, ती आपण क्रमवारीसाठी वाचतच नाही, असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय. तुम्हाला फुकट मिळतंय ते भंगार आहे. त्यापेक्षा ज्या लॉनला तुम्ही खुर्च्या दिल्या, ज्या शाळेला बेंच दिले, त्यांच्या वेबसाइटवर 'फर्निचर यांच्याकडून' अशी एक ओळ मागा. अशा चार ओळी पुरे.

"आमच्या बचत गटाची हळद पावडर आहे. २०२२ मध्ये एका प्रशिक्षणात गूगलची फुकटची वेबसाइट काढून दिली. तो पत्ता आम्ही पाच हजार पाकिटांवर छापला. आता उघडतच नाही. आमचं काय चुकलं? तीन हजार पाकिटं अजून कोऱ्याची कोरी पडून आहेत."
— गटाच्या अध्यक्ष काकू, समुद्रपूर तालुका

काकू, तुमचं काही चुकलं नाही. गूगलनं त्या सगळ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जून महिन्यापर्यंत जुना पत्ता टाकला की ते माणसाला तुमच्या गूगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीकडे वळवत होते, मग तेही थांबवलं. ज्याचं वावर त्यानं विहीर बुजवली, इतकाच प्रकार.

पाकिटं फेकू नका. जुन्या पत्त्यावर बसेल एवढं गोल स्टिकर छापून घ्या आणि त्यावर क्यूआर टाका. पण तो क्यूआर फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅपवर नेणारा नको, स्वतःच्या पत्त्यावर नेणारा हवा. म्हणजे पुढे मागची व्यवस्था बदलली तरी पाकीट बदलावं लागत नाही. स्वतःचा पत्ता म्हणजे डोमेन, 'डॉट इन'चं घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडतं. 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेनही २०१४ पासून मिळतं. हौस असेल तर जोडीला घ्या, पण फोनवर ते टाइप करताना लोक गडबडतात.

आता जे सांगते ते गटाच्या ठरावाच्या वहीत लिहून सह्या घ्या. डोमेन गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर, गटाच्याच मोबाइल नंबरवर. प्रशिक्षकाच्या नाही, सचिवांच्या जावयाच्या नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचं डोमेन करून देणाऱ्याच्या नावावर होतं. त्यानं धंदा बदलला, पैसे भरायचे राहिले, डोमेन सुटलं. कोणीतरी उचललं, आणि आज त्या पत्त्यावर ऑनलाइन जुगार चालतो. गिऱ्हाईक कीर्तनाचे हार्मोनियम विकतं. तुम्ही डोमेनचे पैसे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरायची प्रथा पाडा, विसरायचा प्रश्न नाही.

लिहायचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. तुमची साइट मी पाहिली नव्हती, पण पाकिटाच्या मागचा मजकूर तुम्ही पाठवलाय. त्यात हळदीचे अकरा फायदे आहेत, त्यातले चार तर असाध्य आजार बरे करतात. ते आधी काढा. मसाल्याच्या पाकिटावर आजार बरे करायचे दावे करणं कायद्यात बसत नाही. आणि कायदा सोडला तरी धंद्याला त्याचा उपयोग नाही. 'हळदीचे फायदे' शोधणाऱ्याला सर्दी झालेली असते. 'वायगाव हळद' शोधणारा विकत घ्यायला निघालेला असतो. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि तुम्ही त्याच तालुक्यातल्या. गटाची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नोंद झाली आहे का, हे पाहा. झाली असेल तर ते नाव साइटच्या कपाळावर लिहा. नसेल तर आधी ती करून घ्या, तोवर ते नाव वापरू नका. बाकी पानावर गाव, हळद कधी काढली, कशी उकडली, कुठे वाळवली, दळण कुठलं, पाव किलोचा भाव, टपालखर्च, आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक. उकडायच्या कढईपाशी तुम्ही सगळ्या उभ्या आहात असा फोटो असेल तर तोच वर लावा. धुराचा असला तरी चालेल.

"आमचं चिखलदऱ्यात घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. नकाशावर घर दोन वळणं खाली दाखवतं, पाहुणे धुक्यात भलत्याच दारात जाऊन हॉर्न वाजवतात. नोंद ज्या पोरानं केली तो गाव सोडून गेला, फोन उचलत नाही. रोज कोणीतरी 'गूगलमधून बोलतो, पैसे भरा नाहीतर नोंद बंद' म्हणतं. अन् एकानं 'नेटवर्क नाही' म्हणून एकच तारा दिला. काय काय करू?"
— वहिनी, चिखलदरा

वहिनी, ज्या घरासमोर हॉर्न वाजतात त्यांना आधी किलोभर पेढे द्या.

पैसे मागणारा फोन कापून टाका. गूगलवरची व्यवसायाची नोंद फुकट असते. ती ठेवायचे पैसे गूगल घेत नाही. ओटीपी मागितला तर अजिबात सांगू नका, त्या आकड्यांवर नोंद दुसऱ्याच्या हातात जाते.

पोराचं कोडं सुटण्यासारखं आहे. नकाशावर तुमची नोंद उघडून 'हा व्यवसाय माझा आहे' असा दावा करता येतो. गूगल त्या पोराला कळवतं, त्याला उत्तर द्यायला तीन दिवस देतं. तो गप्प राहिला तर पुढे तुम्हाला स्वतःची ओळख पटवून नोंद घ्यायची वाट बहुतेक वेळा मोकळी होते. ओळख पटवायला हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात. सलग, न कापलेला. रस्ता आणि शेजारची खूण दाखवत यायचं, पाटी दाखवायची, मग किल्लीनं दार उघडून आत जायचं, म्हणजे मालक तुम्हीच हे दिसतं. धुकं नसेल अशा सकाळी करा, आणि चढवायला परतवाड्याला उतरायची तयारी ठेवा, अर्ध्यात नेटवर्क तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. नोंद हातात आली की पहिलं काम, नकाशावरची खूण बोटानं धरून आपल्या छपरावर आणून सोडायची. उपग्रहाचं चित्र लावलंत तर छप्पर दिसतं.

एका ताऱ्याबद्दल. तो खोटं बोलला नाही, नेटवर्क खरंच नाही. मग खाली शांतपणे उत्तर लिहा, की अमुक कंपनीची रेंज गच्चीवर येते, बाकीची येत नाही, आम्ही आता बुकिंगच्या वेळीच सांगतो. हे उत्तर त्याच्यासाठी नसतं, पुढच्या पन्नास जणांसाठी असतं. त्यातल्या काहींना तर नेटवर्क नसलेलीच जागा हवी असते! चांगले तारे मागायला हरकत नाही. पाहुणे निघताना चहा देता तेव्हा क्यूआर पुढे करा. पण 'पाच तारे द्या, जेवणात सूट घ्या' हे नको, गूगलच्या नियमात बसत नाही, आणि नणंदेच्या सहा पोरींनी एकाच रात्री दिलेले तारे तर लांबूनही ओळखू येतात. मी तुमचेच पाहिले.

वेबसाइट असेल तर तिच्यावर तुमची वही उतरवा. तुम्हाला फोनवर विचारतात तेच: घाटात रात्री गाडी आणता येते का, शेवटचा पेट्रोल पंप कुठे, गाविलगड आणि भीमकुंड एका दिवसात होतं का, भाकरी-पिठलं मिळेल का, लहान पोराला दूध मिळेल का. पावसाळ्याचं पान एप्रिलमध्येच लिहून ठेवा. जुलैत ढग उतरल्यावर लिहिलंत तर ते वर येईस्तोवर ढग निघून जातात.

"मी एआयकडून सोयाबीन, कापूस, तुरीवर चाळीस लेख लिहून घेऊन आमच्या कृषी केंद्राच्या साइटवर टाकले. सुरुवातीला लोक आले, आता कोणीच येत नाही. अजून शंभर टाकू का?"
— कृषी केंद्र, दारव्हा तालुका

दादा, आधी ते चाळीस उतरवा. मी सहा वाचले. एका लेखात तुरीला पंजाबातली पेरणीची वेळ आहे. एकात फवारणीचं प्रमाण पंपाला सांगितलंय की एकराला, तेच कळत नाही. गूगलचं नंतर बोलू. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. औषधाचं प्रमाण ही यंत्राकडून लिहून घ्यायची गोष्ट नाही. ते लेबलवरचं द्या, नाहीतर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं द्या, तुम्ही स्वतः वाचून, खाली तारीख टाकून.

गूगलचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये त्यांनी नियम कडक केले. केवळ क्रमवारीसाठी ढिगानं पाडलेली पानं, मग माणसानं पाडोत की यंत्रानं, खाली ढकलतात. तुमच्या काउंटरवर रोज कोणीतरी किडीचं पान रुमालात गुंडाळून आणतं. त्याचा फोटो काढा, काय निघालं, तुम्ही काय दिलं, आठ दिवसांनी काय झालं, पाच ओळी. आठवड्याला एक. हे दुसऱ्या कोणाकडे नाही. एआयला फक्त शुद्धलेखन तपासायला बसवा, आणि तेही पुन्हा तुम्ही तपासा.

"ताई, माहं वेल्डिंगचं दुकान हाय. ट्रॉल्या, गेट, वखर, डवरे बनवतो. गूगलवर दुकान दिसत होतं. पोराच्या मित्रानं नाव वाढवून देल्लं, अन् पंधरा दिवसांत दुकानच गायब. काहून झालं असं? अन् वेबसाइट काढू का?"
— वेल्डिंगवाले भाऊ, कारंजा (घाडगे)

भाऊ, नाव वाढवलं म्हणूनच. दुकानाच्या पाटीवर आहे चार शब्दांचं नाव, आणि गूगलवर मित्रानं केलं 'नंबर वन बेस्ट ट्रॉली मेकर गेट ग्रिल शटर वर्धा जिल्हा'. पाटीवर जे नाव तेच गूगलवर, असा नियम आहे, तो मोडला की नोंद स्थगित करतात. आता घाईनं नवी नोंद काढू नका, गुंता वाढेल. आधी नाव पाटीसारखं करा. मग स्थगितीविरुद्ध अर्ज करायची सोय त्याच खात्यात असते. अर्जासोबत पाटीचा फोटो, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र आणि त्याच पत्त्याचं वीजबिल जोडा, तिन्हींवर नाव-पत्ता एकसारखा हवा. तुमच्या वीजबिलावर अजून वडिलांचं नाव असेल तर ते आधी आपल्या नावावर करून घ्या, ते काम माझ्या काउंटरवरही होतं.

'ट्रॉली', 'डवरा' हे शब्द नावात नाही, खाली वर्णनात आणि उत्पादनांत टाका. जवळचा माणूस 'वेल्डिंग' शोधतो तेव्हा गूगल तीन गोष्टी पाहतं: तुम्ही तेच काम करता का, तुम्ही किती जवळ आहात, आणि लोकांत तुमचं नाव किती आहे. दुकान उचलून जवळ नेता येत नाही. प्रवर्ग नीट निवडा, वेळ खरी टाका, पोळ्याला बंद असेल तर बंद म्हणून टाका. दर महिन्याला तयार मालाचे दोन फोटो.

वेबसाइट सध्या नको. चार हजार वाचतात, त्यात कटिंगचं चाक येईल. तुमच्या हातची एक निळी ट्रॉली कापूस घेऊन आमच्याकडच्या जिनिंगसमोर रांगेत उभी होती. मागच्या फळीवर पिवळ्या रंगात दुकानाचं नाव छान रंगवलेलं, पण फोन नंबर कुठेच नाही. रांगेतल्या दोघांनी मालकाला विचारलं, ट्रॉली कुठली. मालक म्हणाला, कारंज्याची, नंबर घरी आहे. आधी तो नंबर फळीवर रंगवा.